चौसष्ट तारांची वेणी

त्या गाडीनं मला तीन महिने पाणी पाजलं. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, अनेक हट्टी इंजिनं सरळ केलीत, पण या पिवळ्या गाडीपुढे मी हात टेकले होते.

दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. इंजिन असं की नुसतं ऐकत बसावं. भानगड होती ती विजेची. डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर एकदा मान हलवून थांबायचा, जणू 'तिकडे नको' म्हणतोय. हेडलाइट लावले की रिकाम्या टाकीचा काटा भरल्यासारखा वर चढायचा. ब्रेक दाबला की रेडिओ गप्प. आणि हे सगळं रोज होत नसे, हीच खरी डोक्याला ताप देणारी गोष्ट. रोज झालं असतं तर सापडलं असतं.

गाडीच्या मालकीण म्हणजे एक डॉक्टरीणबाई. चाळीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाच्या उशाशी बसून त्यांनी लोकांना भूल दिली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी काय केलं, तर अख्खी गल्ली जागी होईल अशी गाडी विकत घेतली. बाई सडसडीत, बोलणं मोजकं, आणि समोरच्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायची सवय अजून गेलेली नव्हती.

एके दिवशी सकाळी गाडी पुलाच्या चढावर मेली. दिवे, इंजिन, सगळं एकदम. मागे सिमेंटचा ट्रक होता आणि त्याचे ब्रेक चांगले होते म्हणून बाई वाचल्या. दुसऱ्या गाडीला बांधून त्यांनी ती माझ्याकडे ओढत आणली. उतरल्या तेव्हा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"तुमचा हा पेशंट अधूनमधून मरतो आणि मी चावी फिरवली की उठून बसतो," त्या म्हणाल्या. "माझ्या धंद्यात मला असल्याच पेशंटची सगळ्यात जास्त भीती वाटायची."

"मी बॅटरी बदलली, बाई. स्विच बदलले, फ्यूजची पेटी नवी घातली, अर्थिंगचा एकूण एक बोल्ट घासून..."

"ते मला माहीत आहे. मला या गाडीतून डोंगरापलीकडे बहिणीकडे जायचंय. एकदा तरी. महिनाभर बघा. नाही जमलं तर सुट्या भागांसाठी देऊन टाकते."

त्या गेल्या आणि मी गाडीचा डॅशबोर्ड उतरवायला घेतला. मागे तारांचं जे जंजाळ दिसलं ते बघून पुन्हा बंद करावंसं वाटलं. मी इंजिनचा माणूस. इंजिनात काय बिघडलंय ते हाताला लागतं, कानाला कळतं. वीज काही दिसत नाही. तिचा वास येतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

त्याच आठवड्यात मला सासूबाईंना गॅरेजमध्ये आणावं लागलं.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, आमच्याकडेच राहतात. वर्षभरापूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काहीतरी बिघडलं. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. ऑपरेशन झालं, पण डाग गेला नाही, आता जाणारही नाही असं सांगितलं गेलं. आहे ते टिकवायला दर दोन तासांनी थेंब घालायचे. बायको दिवसभर टपाल कचेरीच्या खिडकीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळी त्यांना सोबत आणायचं, ऑफिसातल्या खुर्चीत बसवायचं आणि घड्याळाचा गजर झाला की हात धुऊन थेंब घालायचे.

त्या फार अबोल झाल्या होत्या. घरात एकदा त्यांच्या हातून काचेचं भांडं फुटलं, एकदा उकळतं पाणी सांडलं, आणि मग त्यांनी कशाला हात लावणंच सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. ते बघवत नसे. बायको म्हणायची, "आईचे हात असे कधी रिकामे बघितले नव्हते रे." मी मान हलवायचो. आणखी काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत उलटा पडून पायानं ब्रेक दाबत होतो, मीटर बघत होतो आणि तोंडानं नको ते बोलत होतो. सासूबाई ऐकतायत हे विसरलोच होतो. तेवढ्यात ऑफिसच्या दारातून आवाज आला.

"जावईबापू, त्या गाडीतल्या तारा कापडी पट्टीत गुंडाळल्यात की प्लास्टिकच्या?"

मी डोकं बाहेर काढलं. भिंतीला हात लावत त्या दारापर्यंत आल्या होत्या.

"कापडी, आई. का हो?"

"डॅशबोर्डच्या मागे, उजव्या अंगाला, वेणीत एक गाठ लागते का? अंगठ्याएवढी?"

"वेणीत?"

"तारांच्या जुडीत हो. आम्ही वेणी म्हणायचो."

"सगळ्या गाठीच आहेत, आई. अठ्ठेचाळीस वर्षांत ज्यानं त्यानं आपापली..."

"तसली नाही. पट्टीच्या आतली. मला हात लावू द्या."

मी त्यांना धरून आणलं, गाडीच्या दारात स्टुलावर बसवलं आणि त्यांचा हात त्या जुडीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. बोटं जुडीवरून हळूहळू चालायला लागली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. कोणी झोपलेल्या मुलाची नाडी बघावी तशी. एका फाट्यापाशी त्यांनी अंगठा दाबला.

"इथे. ब्लेडनं उभी चीर द्या. खोल नको."

मी चीर दिली. कापडी पट्टी उलगडली. आत सात काळ्या तारा एका पितळी कडीत दाबून बसवलेल्या होत्या आणि कडीभोवती मोरचुदासारखी हिरवी भुकटी जमली होती. बोट लावलं तर दोन तारा अलगद सुटून हातात आल्या.

मी गाडीच्या तारांचा छापील नकाशा भिंतीवर लावलेला होता. उठून बघितला. त्यात सातही काळ्या तारा सात वेगवेगळ्या जागी जाऊन टेकलेल्या होत्या. अशा कडीचं नामोनिशाण नव्हतं.

"नकाशात हे नाहीच!"

"नकाशे काढणारे वरच्या मजल्यावर बसायचे," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही खाली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बांधायचे ना. नऊ वर्षं."

मी स्टुलाशेजारी जमिनीवरच बसलो. अकरा वर्षं ही बाई माझ्या घरात होती. लग्नाच्या आधी आणि नंतर काही वर्षं त्या 'कुठल्याशा कारखान्यात' होत्या, एवढंच मी ऐकलं होतं. कुठला कारखाना, तिथे काय करत होत्या, हे मी विचारलं नव्हतं. बायकोनंही नसावं विचारलं. सासऱ्यांना तो विषय आवडत नसे, म्हणून घरात तो निघतच नसे.

"मग या भुकटीनं वायपर कसा हलायचा, ते सांगा आता," मी म्हणालो.

त्या जरा हसल्या. कितीतरी दिवसांनी. "काळी तार म्हणजे माहेर. आम्ही पोरी असंच म्हणायचो. वीज कुठल्याही दिव्यात जाऊ दे, काम करू दे, शेवटी तिला काळीवरून परत यायचं असतं. माहेरचा रस्ता बंद झाला की ती गप्प बसत नाही. शेजारणीच्या घरातून वाट काढते. इंडिकेटरची निघाली, वायपरच्या घरातून गेली. जाता जाता त्याला धक्का लागला."

बावीस वर्षांत अर्थिंगचा दोष मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला नव्हता.

मी ती कडी कापली, तारा घासल्या, नवा जोड देऊन त्याला कथलाचा डाग दिला. बॅटरी जोडली. इंडिकेटर दिला, वायपर जागचा हलला नाही. दिवे लावले, काटा खालीच. मी ओरडलोच. सासूबाई म्हणाल्या, "थेंबांची वेळ झाली."

आनंद दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई समोर उभ्या असताना डॅशबोर्डमागून निळा धूर आला. मी झेप घेऊन बॅटरी सोडली. आत बघितलं तर पांढऱ्या तारेचं आवरण बिस्किटासारखं चुरा होऊन पडलं होतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. पुलावर गाडी मेली ती याच्यामुळेच. नुसती तीच नाही. कुठलीही तार वाकवली की आवरणाचे तुकडे पडत होते. त्यातच आधीच्या कारागिरांनी लावलेली ठिगळं: हिरव्याला लाल जोडलेली, लालला घरातल्या दिव्याची पांढरी.

"मग आता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही दुरुस्त होण्यातली नाही," मागून सासूबाई म्हणाल्या. "नवी बांधू."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. दुसरीकडे तोंड करून आपल्याकडे बघणारी म्हातारी, पुढ्यात थेंबांची बाटली. त्यांना डोळ्यांचं सगळं लगेच कळलं असणार. तरी त्यांनी विचारलं ते एवढंच: "किती तारा असतात?"

"चौसष्ट."

"बांधा," बाई म्हणाल्या, "मी रोज येऊन बसले तर चालेल का?"

गॅरेजमागच्या कोठीचं लाकडी दार मी बिजागऱ्यांतून उतरवलं आणि दोन सुतारी घोड्यांवर आडवं ठेवलं. कारखान्यात अशीच फळी असायची, सासूबाईंनी सांगितलं. फळीवर खिळे ठोकलेले, प्रत्येक फाट्याला एक. तारा या खिळ्यांमधून घालायच्या, सगळ्या पडल्या की पट्टीनं गुंडाळायच्या. मग गाडीतून जुनी जुडी सोडवून काढली. दोन दिवस लागले. ती दारावर पसरली तेव्हा मी पहिल्यांदाच अख्खी बघितली. मधला जाड कणा, त्याला दोन्हीकडे फुटलेल्या फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फाटे. एवढी लांबलचक वस्तू गाडीच्या पोटात कुठे मावली होती कोण जाणे. मला वाटायचं गाडी म्हणजे इंजिन. तिथे उभा राहून पहिल्यांदा कळलं की इंजिनाला काय करायचं ते सांगणारं कोणीतरी आत असतं.

सासूबाई तिच्यावरून हात फिरवत एका टोकापासून निघाल्या आणि मध्याच्या जरा पुढे गेल्यावर एकदम थबकल्या.

"ही डावरीची आहे," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता.

"कोण डावरी?"

"पट्टी बघा. इथपर्यंत उजवीकडून वर चढलीय. इथून पुढे उलटी. डावरी डाव्या हातानं गुंडाळायची. सगळ्या कारखान्यात डाव्या हाताची ती एकटीच."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. कापडाचे वेढे एका जागी भेटत होते आणि तिथून त्यांची दिशा फिरत होती. तीन महिने मी ती जुडी हाताळत होतो, मला ते दिसलं नव्हतं.

"एका फळीवर दोघी," सासूबाई सांगू लागल्या. "समोरासमोर. बत्तीस माझ्या, बत्तीस तिच्या. मग पट्टी. ती त्या टोकाकडून यायची, मी या टोकाकडून, मध्ये भेटायचो. मधे बोटांना बोटं लागली की झाली वेणी. साडेपाच वर्षं ती माझ्यासमोर होती. हसायला लागली की तिच्या हातून काम जास्तच भराभर व्हायचं. एका सोमवारी आली नाही. मुकादमाला विचारलं, तो म्हणाला कामावरून काढली. पत्ता कोणाकडेच नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग ही अर्धी बाजू तुमची?"

सासूबाईंची बोटं पुन्हा त्या अर्ध्यावरून गेली, सावकाश, दोनदा.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताच्या सगळ्या सारख्याच. तिच्यासमोर माझ्या आधीही कोणीतरी होतीच."

कामाला लागलो. रंग त्यांना दिसत नव्हते, ते सांगायचं काम माझं. बाकी सगळं त्यांचं. मी रीळ हातात देत म्हणायचो, "तपकिरी, जाड." त्या म्हणायच्या, "ही सासू. बॅटरीकडून येते, सगळ्यांना पुरवते, हिच्याशी वाकडं घेतलं की जळलंच समजा." पांढरी म्हणजे थोरला मुलगा, चावी फिरवल्याशिवाय उठायचा नाही. हिरव्या सगळ्या सुना: पांढऱ्याच्या जिवावर, पण फ्यूजचा उंबरा ओलांडल्याशिवाय घरात पाऊल नाही. हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची धाकटी, हिरवी-पांढरी उजव्याची, हिरवी-जांभळी ब्रेकची, "सगळ्यात गुणी, कोणी पाय दिला तरच बोलते." निळी म्हणजे हेडलाइटची जाऊ, आली की बाकीच्या फिक्या. लाल म्हणजे नणंदा, बारीक दिवे घेऊन मागच्या अंगाला. कोण कोणाच्या शेजारी झोपते, कोण कुठल्या वळणावर रुसून वेगळी निघते, असं करत करत अख्खं खानदान त्या दारावर नांदायला लागलं. वरच्या मजल्यावरचा नकाशा मला कधी पाठ झाला नाही. हे घराणं चार दिवसांत झालं.

आणि त्यांचे हात! घरी पाण्याचा पेला उचलायला घाबरणारे ते हात खिळ्यांमधून असे जात होते की माझी नजर मागे पडायची. खिळा शोधावा लागत नसे. तार ओढली, वळवली, टोकाला दोन बोटं जास्त सोडली, चट् कापली. मी रीळ देण्यात कमी पडायला लागलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाही सरसावली आणि दुसऱ्या बाजूनं रिळं द्यायला लागल्या. मधेच एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "मी खूप मोठमोठे सर्जन बघितलेत हो."

आठव्या दिवशी बत्तीस तारा पुऱ्या झाल्या. सासूबाईंची अर्धी बाजू. आणि मग काम अडलं.

डावरीच्या बाजूच्या सोप्या तारा जुन्या जुडीवरून मोजून घेता आल्या. पण चावीपासून इंजिनाकडे जाणारा भाग आधीच्यांनी कापून ठिगळं लावलेला, वर त्या निळ्या धुराच्या दिवशी जळलेला. कुठली तार कितव्या खिळ्यावर वळायची, किती लांब, याचा मागमूस उरला नव्हता. नकाशात लांबी नसते, आणि वाट माहीत नसताना गाडीत टेप लावून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "अंदाजानं घालू, आई. थोडी जास्त ठेवू."

"जास्त ठेवली तर गरम पाइपावर लोंबेल. कमी ठेवली तर वळणावर ताणेल. पुन्हा पूल, पुन्हा ट्रक." त्या दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत राहिल्या. मग हात काढून घेतले. "ही बाजू माझी नव्हतीच. मला नाही येत. घरी सोडा मला."

दोन दिवस त्या घरी बसल्या. हात मांडीवर. मी थेंब घालायला दर दोन तासांनी घरी ये-जा करत होतो.

शनिवारी बायकोला सुट्टी होती. तिनं आईच्या अंगात स्वेटर घातला, हात धरला आणि गॅरेजमध्ये आणलं. "मला बघायचंय तू काय केलंस ते," ती म्हणाली. ते दार, ते तारांचे रंग, ती फाट्याफाट्यांची शिस्त बघत तिनं दाराभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "हे तू करायचीस? मी व्हायच्या आधी? आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बाबांना नको असायचं. मग राहूनच गेलं."

"आणि ती दुसरी कुठे उभी राहायची?"

"तू उभी आहेस तिथेच."

तोंड वळवून, डोळ्याच्या कडेनं सासूबाई लेकीकडे बघायला लागल्या. लेकीचा चेहरा त्यांना दिसत नसणार. हलणारे हात तेवढे दिसत असतील, धूसर.

"पांढरी हातात घे," त्या एकदम म्हणाल्या. "डाव्या हातात."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी रीळ दिलं.

"पहिल्या खिळ्याला अडकव. आता ने. असं नाही, ती मनगट आत वळवायची. हं. दुसरा खिळा सोडला. तिसऱ्याच्या खालून. खालून गं! आता चौथा."

"आई, तू तर ही बाजू येत नाही म्हणालीस."

"मला येत नाहीच. पण साडेपाच वर्षं मी तिचेच हात बघत होते. स्वतःचे बघायची गरज नव्हती. बोलू नकोस, हल."

बायको हलत राहिली. डाव्या हातानं, अडखळत, आईच्या आवाजामागून. मी आणि डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभे. चौथ्या खिळ्यापाशी सासूबाईंनी हात वर केला.

"थांब. इथे ती तार खांद्यावर टाकायची. उरलेली. आड येऊ नये म्हणून. टाक खांद्यावर. मागे लोंबू दे. तिच्या कमरेच्या पट्ट्याला टोक लागायचं, तिथे चिमट्यात धरायची. तिची उंची तुझ्याएवढीच. किती होते बघा, जावईबापू."

मी टेप लावला. पहिल्या खिळ्यापासून वळणावळणानं, बायकोच्या खांद्यावरून कमरेच्या पट्ट्यापर्यंत. आकडा घेतला आणि गाडीकडे गेलो. खिळ्यांनी दाखवलेल्या वाटेनं, म्हणजे चावीच्या मागून, पत्र्याच्या भोकातून, इंजिनाच्या कडेनं, गरम पाइपाला चार बोटं सोडून टेप नेला, शेवटच्या टोकापर्यंत. दोन आकड्यांत नखाएवढा फरक होता.

मी परत येऊन आकडा सांगितला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची एक बाई, जिचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, जी जिवंत आहे की नाही तेही माहीत नव्हतं, ती आत्ता माझ्या बायकोच्या खांद्यावरून आम्हाला माप देऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. बायको तार खांद्यावर घेऊन तशीच उभी, तिला हलायचं धैर्य होईना.

"टाक ना खाली," सासूबाई म्हणाल्या. "अजून चौदा आहेत."

त्या चौदा रविवारी संध्याकाळपर्यंत पडल्या. पट्टी मायलेकींनी दोन टोकांकडून गुंडाळत आणली. बायकोनं डाव्या हातानं प्रयत्न केला, जमेना, मग उजव्यानंच गुंडाळली. सासूबाईंनी चालवून घेतलं. मधोमध त्यांची बोटं एकमेकींना लागली आणि वेणी झाली.

जुडी गाडीत बसवायला मला पाच दिवस लागले. ओढावी लागली नाही, ताणावी लागली नाही. प्रत्येक फाटा आपल्या दिव्यापाशी, आपल्या स्विचपाशी जाऊन असा थांबला की जणू घर माहीत आहे. सहाव्या दिवशी दुपारी सगळे जमले. मी बॅटरीची तार जोडली आणि सवयीनं नाकानं हवा ओढली. रबराचा आणि नव्या कापडाचा वास, बाकी काही नाही.

डॉक्टरीणबाई आत बसल्या. मी एकेक सांगत गेलो, त्या एकेक लावत गेल्या. डावा इंडिकेटर. उजवा. ब्रेक, आणि रेडिओ बोलतच राहिला. वायपर सांगितल्याशिवाय हलला नाही. पेट्रोलचा काटा टाकीत होतं तेवढंच दाखवत होता. सासूबाई गाडीच्या नाकापाशी उभ्या होत्या. हेडलाइट लावल्यावर त्यांनी तळवा काचेवर ठेवला. एका काचेवर, मग दुसऱ्या. थोडा वेळ तसाच ठेवला.

"दोन्ही सारखेच तापतायत," त्या म्हणाल्या.

"आई, नऊ वर्षांत तुम्ही या गाडीत कधी बसलात का?" मी विचारलं.

"गाड्या दुसऱ्या इमारतीत व्हायच्या. आमच्याकडून वेण्या खोक्यात भरून जायच्या. रस्त्यावर लांबून दिसायची एखादी."

डॉक्टरीणबाईंनी शेजारचं दार आतून उघडलं. सासूबाई नको नको म्हणाल्या, गुडघे एवढे वाकत नाहीत म्हणाल्या, थेंबांची वेळ होईल म्हणाल्या. "थेंब मी घालीन," बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे." आम्ही दोघांनी धरून त्यांना त्या बुटक्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले. पिवळी गाडी गल्लीच्या टोकाला गेली, इंडिकेटर देऊन वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत होता.

दहा मिनिटांसाठी म्हणून गेलेल्या त्या पाऊण तासानं परतल्या. बायकोनं तोवर मला चारदा फोन लावायला लावला होता. गाडीचा कापडी टप उघडा, सासूबाईंचे पांढरे केस चारी दिशांना उभे, गाल लाल. डॉक्टरीणबाई हसत होत्या. "मोठ्या रस्त्यावर घेऊन गेले. त्याच म्हणाल्या, अजून जोरात." पुढच्याच आठवड्यात बाई त्या गाडीतून एकट्याच डोंगर ओलांडून बहिणीकडे पोचल्या आणि तिथून त्यांनी फोन केला. पण ते नंतर.

त्या दुपारी मी सासूबाईंना हात देऊन उभं केलं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं डोळे भरून आले असतील, काहीतरी मोठं बोलतील.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "डावीकडे वळताना टिकटिक जरा संथ पडते. उजवीकडे ठीक आहे. डाव्या बाजूला कुठेतरी एक दिवा चुकीच्या ताकदीचा बसलाय. बघा."

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला दहाचा फरक निघाला. मागचा डावा दिवा उघडला, आणि चुकीचा बल्ब मीच बसवला होता.